सहा हजारांत नागपूर : बाहेरगावच्या विद्यार्थ्याने महिना कसा काढावा

दरवर्षी जून-जुलैमध्ये गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ या जिल्ह्यांतील मुले-मुली एक पेटी, एक गादी आणि जमल्यास घरच्या तांदळाची चुंगडी घेऊन नागपुरात उतरतात. कोणी पदवीसाठी येते, कोणी अभियांत्रिकी किंवा नर्सिंगसाठी, तर कोणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी. घरून येणारी रक्कम ठरलेली असते आणि ती वाढण्याची शक्यता फारशी नसते. अशा वेळी बहुतेकांची काटकसर पोटापासून सुरू होते. आधी सकाळचा नाश्ता बंद होतो, मग दूध बंद होते, मग वरण पातळ होत जाते; आणि त्याच महिन्यात चहाची टपरी, ऑटो आणि रात्री उशिराचे पार्सल यांवर पैसे जातच राहतात. हा क्रम उलटा करावा, असे माझे म्हणणे आहे. महिन्याला किती डाळ, किती तांदूळ, किती तेल लागते ते आधी ठरवावे, त्याला हात लावू नये आणि काटछाट उरलेल्या खर्चात करावी.

उदाहरणासाठी घरून महिन्याला ६,००० रुपये येतात असे धरू. त्यातून खोलीच्या किरायातील आपला वाटा २,००० रुपये, जेवण २,५०० रुपये, वीज आणि गॅस ४०० रुपये, प्रवास ४०० रुपये, मोबाइल ३०० रुपये आणि उरलेले ४०० रुपये वह्या, झेरॉक्स, साबण, औषध यांसाठी, अशी वाटणी करता येते. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील; पण पैसे हातात येताच त्याच दिवशी वाटणी करणे आणि किराणा त्याच आठवड्यात भरून टाकणे या दोन गोष्टी सर्वांना सारख्याच लागू आहेत. डब्यात पडलेले तांदूळ पार्टीत खर्च होत नाहीत, खिशातली नोट होते.

खोली पाहताना

खोलीचा किराया एकटा पाहू नये. किराया, येण्याजाण्याचा खर्च आणि वीज यांची बेरीज हाच त्या खोलीचा खरा किराया असतो. समजा महाविद्यालयाजवळच्या खोलीपेक्षा लांबची खोली ७०० रुपयांनी स्वस्त आहे. पण तेथून रोज दोन्ही वेळांचे मिळून ४० रुपये बसला जातात. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,०४० रुपये होतात, म्हणजे स्वस्त खोली ३४० रुपयांनी महाग पडली, आणि रोजचा दीड तास गेला तो वेगळाच. मेडिकल चौक, हनुमाननगर, रेशीमबाग, नंदनवन, मानेवाडा या पट्ट्यात विद्यार्थ्यांना खोल्या देण्याची सवय असलेले घरमालक पुष्कळ आहेत. हिंगणा मार्गावर वानाडोंगरीकडे शिकणाऱ्यांनी शहरात राहण्याचा मोह टाळून त्याच बाजूला खोली शोधावी. धरमपेठ, शंकरनगर, रामदासपेठ या भागांत पायी पोहोचण्याची सोय असली, तरी तेथील किराया आपल्या हिशेबात बसेल असे समजून वेळ दवडू नये.

एकट्याने राहण्यापेक्षा तिघांनी राहणे परवडते, हे सांगायला नको. मात्र तिसरा माणूस निवडताना त्याच्या स्वभावाइतकीच त्याची झोपण्याची वेळ पाहावी. एकाचा अभ्यास रात्री दोनपर्यंत आणि दुसऱ्याची नर्सिंगची ड्यूटी सकाळी सहाला असेल, तर भांडण पैशांवरून होत नाही, दिव्यावरून होते आणि दोन महिन्यांत खोली मोडते.

घरमालकाला पुढील गोष्टी आधीच स्पष्ट विचाराव्यात. खोलीत स्वयंपाक चालतो का? विजेचे वेगळे मीटर आहे का, आणि नसल्यास युनिटमागे किती पैसे घेतले जातात? महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट सर्वांत स्वस्त असतात आणि त्यापुढे १०१ ते ३०० युनिटांचा टप्पा बराच महाग असतो. सगळ्या घराचे मिळून एकच मीटर असेल, तर तुमचा एक दिवा आणि एक पंखासुद्धा महागड्या टप्प्यात मोजला जाण्याची शक्यता असते. पाणी नळाचे आहे की बोअरचे? डिपॉझिट परत कधी मिळेल, आणि ते लिहून देणार का? लिहून घेणे उद्धटपणाचे वाटत असेल, तर निदान पैसे मोबाइलवरून पाठवावेत, म्हणजे नोंद राहते.

नागपूरसाठी एक खास सूचना. जूनमध्ये गच्चीवरची खोली वाऱ्याची, मोकळी आणि स्वस्त वाटते. पण तिचा खरा भाव एप्रिल-मे महिन्यांत कळतो. पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि कूलर अहोरात्र चालवावा लागतो. दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला की दोन युनिट होतात, म्हणजे महिन्याला ६० युनिट केवळ कूलरचे. त्यापेक्षा तळमजल्याची, पश्चिमेच्या उन्हापासून वाचलेली खोली दोनशे-तीनशे रुपये जास्त देऊनही घ्यावी. कूलर जुना घ्यायचा तर डिसेंबरात घ्यावा; मार्चच्या शेवटी जुन्या कूलरलाही नव्याचा भाव येतो. तिघे मिळून हंगामापुरता किरायाने आणणे हाही चांगला मार्ग आहे. पंप आणि पंखा दुकानातच चालवून पाहावा, ताट्या (कूलरच्या बाजूंना लावायच्या, पाणी झिरपणाऱ्या गवती जाळ्या) मात्र नव्या बसवून घ्याव्यात. जुन्या ताट्यांना शेवाळ आणि वास असतो आणि त्यांतून पाणी नीट झिरपत नाही.

शासनाकडून मिळू शकणारे

खोली शोधण्यापूर्वी शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरावा. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांची वसतिगृहे नागपुरात आहेत. तेथे जागा मिळाली नाही, तर त्याऐवजी रक्कम देणाऱ्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाला भोजनाचे ३२,००० रुपये, निवासाचे २०,००० रुपये आणि निर्वाहाचे ८,००० रुपये, असे एकूण ६०,००० रुपये धरलेले आहेत. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळू शकतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आणि महाविद्यालयाची हजेरी या चार बाबींवर बहुतेक अर्ज अडतात. त्या गावाहून निघण्यापूर्वीच हातात असाव्यात, कारण एका दाखल्यासाठी तहसील गाठायला गेलेला दिवस आणि भाडे दोन्ही आपलेच असतात.

या रकमांविषयी एक सावधगिरी बाळगावी. त्या हप्त्याने आणि पुष्कळदा उशिरा जमा होतात, म्हणून महिन्याच्या वाटणीत त्यांना स्थान देऊ नये. जमा झाल्यावर आधी उसनवारी फेडावी, मग वर्षभराचे तांदूळ आणि पुढच्या सत्राचे शुल्क बाजूला काढावे.

रेशनचा एक मार्ग फार थोड्यांना माहीत असतो. घरच्या शिधापत्रिकेवर तुमचे नाव असेल, कुटुंब अन्न सुरक्षा योजनेत असेल आणि आधारची ई-केवायसी झालेली असेल, तर 'एक देश, एक रेशन कार्ड' व्यवस्थेनुसार नागपुरातील रास्त भाव दुकानातून अंगठा लावून धान्य घेता येते. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळते. तुम्ही आपला हिस्सा येथे उचलावा आणि उरलेला घरच्यांनी गावी उचलावा. घरी आधी फोन करून ठरवावे, नाहीतर गावच्या दुकानात सगळेच उचलले गेलेले असते.

मेस की हातचा स्वयंपाक

दोन्ही वेळांची मेस, दोन्ही वेळांचा हातचा स्वयंपाक, आणि एक वेळ मेस व एक वेळ खोलीवर, असे तीन पर्याय आहेत. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तिसरा सर्वांत बरा. दुपारी महाविद्यालयातून दमून आल्यावर पोळी लाटण्याचा उत्साह कोणाला राहत नाही, आणि त्या वेळी स्वयंपाक नसेल तर माणूस समोशाकडे वळतो. म्हणून दुपारचा डबा मेसचा किंवा गल्लीतल्या एखाद्या काकूंकडून घ्यावा आणि संध्याकाळी भात-वरण, खिचडी किंवा चुन (बेसनाचे पिठले) खोलीवर करावे. तिघे मिळून रांधत असतील, तर दोन्ही वेळ हातचेच सर्वांत स्वस्त पडते. पण पाळी कागदावर लिहून भिंतीला लावली नाही, तर सगळे काम एकाच्या गळ्यात पडते.

मेस लावताना महिन्याच्या दरापेक्षा खाड्याचा नियम महत्त्वाचा असतो. आपण गावी गेलो तर सलग किती दिवसांचे पैसे वजा होतात, आणि त्यासाठी किती आधी सांगावे लागते? दिवाळीला आणि परीक्षेनंतर मिळून पुष्कळ दिवस आपण नागपुरात नसतो. खाडा न धरणारी मेस स्वस्त दिसली तरी वर्षाअखेरीस महाग पडते. रविवारी संध्याकाळी अनेक मेस बंद असतात, ते जेवण आपल्या हिशेबात धरावे. पोळ्या मोजून मिळतात की पोटभर, वरण दुसऱ्यांदा मिळते का, हेही पाहावे. महिन्याचे पैसे भरण्यापूर्वी दोनदा रोखीने जेवून पाहावे, आणि ते रविवारच्या दुपारी पाहू नये, कारण त्या दिवशी सगळ्याच मेसमध्ये गोड असते. मंगळवारच्या रात्रीचे वरण कसे आहे, ते खरे.

शिवभोजन थाळीत १० रुपयांत दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात मिळतो. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या या योजनेचे केंद्र आपल्या वाटेवर चालू असेल, तर तेथे जाण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मात्र दुपारची वेळ ठरलेली असते आणि थाळ्यांची संख्याही, म्हणून लवकर पोहोचावे.

महिन्याचा किराणा

भाव हंगामाप्रमाणे हलतात, पण पोटाला लागणारे वजन हलत नाही, म्हणून येथे वजनच देतो. दोन्ही वेळ हातचे जेवणाऱ्या एका माणसाला महिन्याला साधारण ६ किलो तांदूळ, ५ किलो कणीक, २ किलो डाळी, अर्धा किलो बेसन, अर्धा किलो सोया वडी, १ किलो फल्लीदाणे (शेंगदाणे), १ लिटर तेल, १ किलो पोहे आणि १ किलो साखर पुरते. यातून दिवसाला २,२०० ते २,३०० कॅलरी मिळतात. त्यावर भाजी, पावभर दूध आणि जमेल तेव्हा अंडी. एक वेळ मेस असेल, तर ही यादी अर्ध्याहून थोडी जास्त धरावी, कारण सकाळचा नाश्ता आणि रविवारची रात्र खोलीवरच होते.

तांदूळ, गहू, डाळ इतवारीच्या ठोक बाजारात घ्यावी. तिघांनी मिळून महिन्यातून एकदा, थैल्या घेऊन, सकाळी जावे. दुपारनंतर तेथे हमाल, हातगाड्या आणि ट्रक यांतून वाट काढणे कठीण होते. गल्लीतल्या दुकानातून पावशेराने घेतलेल्या डाळीचा किलोचा भाव काढून पाहिला, तर इतवारीला जाण्याचे भाडे कुठेच लागत नाही असे दिसते. गहू घेऊन चक्कीवर दळून आणणे तयार कणकेच्या पिशवीपेक्षा सहसा स्वस्त पडते आणि पोळी मऊ होते. पावसाळ्यात मात्र पंधरा दिवसांपुरतेच दळावे.

तांदळात एचएमटी हा आपल्या बाजूचा भरवशाचा वाण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी तो निवडून वाढवला. अख्खा एचएमटी परवडत नसेल, तर त्याचीच कणी घ्यावी. कणीची खिचडी लवकर शिजते आणि गॅसही वाचवते. भंडाऱ्याचा चिन्नोर सुवासिक असला, तरी तो सणापुरता ठेवावा.

डाळींत एकट्या तुरीवर अवलंबून राहू नये. तूर महागली की मसूर, मूग आणि हरभऱ्याची डाळ मिसळून वरण करावे. मसूर तर भिजवल्याशिवायही शिजते. स्वस्त म्हणून लाखोळीची डाळ मात्र रोजची करू नये. ती दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांची ताकद कायमची जाऊ शकते, आणि स्वस्त सुट्या बेसनात तिची भेसळ होते, म्हणून बेसन ओळखीच्या चक्कीवरून हरभरा डाळ देऊन दळून आणणे उत्तम. प्रथिनांसाठी सोया वडीइतके स्वस्त दुसरे काही नाही : १०० ग्रॅम कोरड्या वडीत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. गरम मिठाच्या पाण्यात भिजवून, दोनदा पिळून मग रश्श्यात टाकली, तर तिचा उग्र वास जातो. पिळण्याचा कंटाळा करणारेच सोया वडी बेचव असते म्हणतात. अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. ती सुटी घेण्यापेक्षा तिघांनी तीसचा ट्रे आणावा, उन्हाळ्यात मात्र सुटीच घ्यावीत.

घरून आणण्याच्या वस्तूंत तांदूळ, तिखट, हळद, जवसाची चटणी, लोणचे आणि वड्या-कुरड्या यांना पहिले स्थान द्यावे. जवसाची चटणी कोरडी असल्यामुळे टिकते, आणि भाजी नसलेल्या दिवशी गरम भातावर चटणी आणि चमचाभर फल्लीचे तेल घेतले की जेवण होते.

चूल, कुकर आणि चुन

ज्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नाही, त्यांना ओळखपत्रावर ५ किलोचा छोटा सिलिंडर अधिकृत गॅस एजन्सीतून घेता येतो. चौकात मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणारे असतात. ते बेकायदेशीर आहे आणि बंद खोलीत झोपणाऱ्यांसाठी जिवावरचे आहे. इंडक्शन शेगडी असेल तर १,२०० वॅटवर पंचवीस मिनिटांत अर्धे युनिट जळते, एवढे लक्षात ठेवून घरमालकाच्या युनिटदराशी तुलना करावी.

सर्वांत उपयोगी भांडे म्हणजे दोन डबे बसणारा पाच लिटरचा कुकर. त्याची रीत एकदा नीट पाहून घ्यावी. तळाशी जाळी ठेवून दोन पेले पाणी ओतावे. खालच्या डब्यात अर्धा तास भिजवलेली डाळ, तिच्या तिप्पट पाणी, चिमूटभर हळद आणि तेलाचे चार थेंब टाकावेत. वरच्या डब्यात धुतलेले तांदूळ आणि दुप्पट पाणी. डब्यांच्या कडेला जी फट उरते तिच्यात सालीसकट दोन आलू सरकवावेत. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्यावी, मग आच मंद करून आणखी दोन-तीन शिट्ट्या आणि लगेच गॅस बंद. कुकर स्वतःहून गार होईपर्यंत उघडू नये. त्या दहा मिनिटांत डाळ आतल्या वाफेवर फुकट शिजत असते, आणि घाईने शिट्टी वर उचलणारे ती वाफही घालवतात आणि डाळही कचकच खातात. एवढ्या एका कुकरात आजचे वरण-भात, उद्याच्या आलूच्या भाजीची तयारी आणि उरलेल्या वरणाला लसणाची फोडणी देऊन रात्रीचे जेवण निघते.

दुसरी गोष्ट चुन. घरी आईने केलेले चुन खाल्लेल्या मुलालाही ते करता येतेच असे नाही, म्हणून लिहितो. अर्धी वाटी बेसन दीड वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवून ठेवावे. दोन चमचे तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण आणि भरपूर चिरलेला कांदा टाकून कांदा कडेने तांबूस होईपर्यंत परतावा. हळद, तिखट, मीठ टाकावे आणि तिखट जळण्यापूर्वी कालवलेले बेसन ओतावे. आता हात थांबवू नये. दोन-तीन मिनिटांत ते घट्ट व्हायला लागते आणि फट्फट् उडते. तेव्हा झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पाच मिनिटे वाफ द्यावी. कडेला तेलाची रेघ दिसली आणि कच्च्या बेसनाचा वास गेला की चुन झाले. वर चिरलेला सांभार (कोथिंबीर). दोघांना पुरते, आणि पोळी नसेल तर भातावरही चालते.

संध्याकाळी पाच ते सात ही वेळ पैशांच्या दृष्टीने दिवसातली सर्वांत धोक्याची असते. वर्ग सुटलेला असतो, पोट रिकामे असते आणि चौकाचौकात तर्री पोह्यांचा आणि भज्यांचा वास असतो. बॅगेत मूठभर भाजलेले फल्लीदाणे, फुटाणे किंवा कच्चा चिवडा असेल, तर ही वेळ निभते. तर्री पोहे मुळीच खाऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. नागपुरात राहून तेही सोडायचे, ही फार मोठी शिक्षा होईल. आठवड्याचा एक दिवस ठरवावा आणि त्या दिवशी तर्री दुसऱ्यांदा मागून घ्यावी.

भाजीबाजार

भाजी आठवड्यातून दोनदा घ्यावी. कॉटन मार्केटला सकाळी भाव उतरलेले असतात, पण तेथे थोड्या मालाची किंमत करीत बसायला कोणाला वेळ नसतो. तिघांची मिळून खरेदी असेल तरच जावे. एकट्यासाठी जवळचा आठवडी बाजार बरा. मंगळवारी, बुधवारी असे वारांचे बाजार शहरात आहेतच, शिवाय वस्त्यावस्त्यांतून रस्त्याकडेचे बाजार भरतात. दिवे लागल्यानंतर विक्रेते उरलेल्या मालाचे वाटे लावतात. वाट्यातील वांगी, भेंडी खालून-वरून पाहून घ्यावीत. पालेभाजी मात्र त्या वेळी घेऊ नये, ती दिवसभर पाणी शिंपडून ताजी दिसत असते आणि सकाळपर्यंत सडते.

हंगामाबाहेरची भाजी घेऊ नये. हिवाळ्यात मेथी, पालक, फुलकोबी, मुळा, वाटाणा आणि तुरीच्या ओल्या शेंगा, पावसाळ्यात आंबाडी, उन्हाळ्यात चिवळ आणि कांदे. आंबाडीची भाजी कणीच्या भाताबरोबर खाणाऱ्याला दुसरे काही लागत नाही. फळ म्हणून संत्री हंगामातच घ्यावीत, नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहराची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहराची. रेल्वे स्थानकाजवळच्या संत्रा मार्केटमध्ये डागाळलेली, लहान फळे स्वस्त असतात आणि चवीत काही उणी नसतात.

उन्हाळा आणि शिळे अन्न

फ्रीज नसलेल्या खोलीत एप्रिल ते जूनदरम्यान एका वेळचेच रांधावे. हिवाळ्यात रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खाता येतो. मे महिन्यात तोच भात काही तासांत चिकट होतो, आणि शिजलेल्या भातातील जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. दहा रुपयांचा भात वाचवण्यासाठी शंभरांची औषधे लागतात. कणीक मळून ठेवू नये. कांदा, ताक, कैरीचे पन्हे आणि मीठ-साखरेचे पाणी यांवर खर्च करावा, शीतपेयांवर नव्हे. नागपूरच्या बहुतेक भागांत पेंचचे नळाचे पाणी येते. ते गाळून, पावसाळ्यात उकळून, माठात भरून ठेवले तर पाण्याच्या कॅनवर पैसे घालवण्याची गरज नाही. बोअरच्या पाण्याचा भरवसा मात्र धरू नये.

आजारपण आल्यास मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत नाममात्र शुल्कात तपासणी होते. सकाळी लवकर पोहोचावे आणि कोणाला तरी सोबत न्यावे. औषधे जनऔषधी केंद्रातून घ्यावीत.

प्रवास आणि पुस्तके

नागपूर बऱ्यापैकी सपाट शहर आहे, त्यामुळे चार-पाच किलोमीटरसाठी जुनी सायकल सर्वांत स्वस्त. मेट्रोत महाकार्डावर विद्यार्थ्यांना सवलत असते, 'आपली बस' या शहर बससेवेचा विद्यार्थी पास निघतो. दोन्हींसाठी महाविद्यालयाचे ओळखपत्र लागते. एसटीने रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला मासिक पासासाठी भाड्याच्या एक तृतीयांश रक्कम द्यावी लागते, म्हणून काटोल, उमरेड, रामटेककडच्या मुलांनी खोली घेण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा. मुलींना गावी जाताना एसटीत १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट लागते.

पुस्तके विकत घेणे हा शेवटचा उपाय समजावा. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बुक बँक असते. तिच्यासाठी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात नाव द्यावे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना बालभारती आणि एनसीईआरटीची क्रमिक पुस्तके त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वेळी पुस्तकांचे मोठे बाजार भरतात. तेथे इतिहास, समाजशास्त्र आणि संविधानावरची पुस्तके कमी किमतीत मिळतात. कूलर, कुकर, पलंग, टेबल या वस्तू मे-जूनमध्ये शेवटच्या वर्षाची मुले गावी जाताना जवळजवळ फुकट देतात, म्हणून मार्चपासूनच त्यांच्याशी बोलून ठेवावे.

महिन्याचा शेवटचा आठवडा

एवढे करूनही एखादा महिना बिघडतो. परीक्षेचे शुल्क अचानक भरावे लागते, मोबाइल पडतो, घरून पैसे उशिरा येतात. तेव्हा कापण्याचा क्रम ठरलेला असावा. आधी बाहेरचा चहा आणि नाश्ता, मग ऑटो आणि बस, मग साखर, मग दूध. डाळ, तांदूळ आणि तेल शेवटपर्यंत तसेच राहतील. दोन मूठ तांदळाला एक मूठ मसूर घेऊन कांदा-लसणाच्या फोडणीची खिचडी आणि वर कच्चे फल्लीदाणे, दुसऱ्या वेळी चुन-भात, सकाळी कांदेपोहे, असा आठवडा काढता येतो. त्यासाठी महिन्याच्या सुरुवातीला किराणा भरतानाच दीड किलो तांदूळ, पाव किलोपेक्षा थोडी जास्त मसूर आणि पावभर बेसन वेगळ्या डब्यात भरून, झाकणावर २३ तारीख लिहून, पलंगाखाली ठेवावे. त्या आठवड्यात उसने मागायचे झाल्यास अनेकांकडून थोडे-थोडे मागू नये. एकाच मित्राकडे, परत करण्याची तारीख सांगून मागावे, आणि घरी फोन करून खरी स्थिती सांगावी. मोबाइलवर मिनिटात कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला मात्र जाऊ नये : दोन हजारांच्या कर्जातले शुल्क आधीच कापून कमी पैसे हातात पडतात, परतफेड आठवड्यात मागतात, आणि चुकले तर तुमच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर फोन जायला लागतात.